स्वयंसेवकांचा गौरव कसा केला आणि कुठे चुकलो : सत्तरीतील एका ग्रामवाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

गणेश चवथीची गडबड ओसरल्यावर आज वाचनालयाच्या समितीची बैठक झाली आणि गावातील मुलांसाठी विनामोबदला काम करणाऱ्या माणसांचा जाहीर गौरव करायचे ठरले. आमचे गाव गोव्यातील सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. येथे मुलांसाठी चार कामे कित्येक वर्षे चालू आहेत. देवळाच्या अग्रशाळेत (देवळालगतच्या धर्मशाळेसारख्या इमारतीत) रोज संध्याकाळी अभ्यासवर्ग भरतो, भातकापणी झाली की मोकळ्या शेतात फुटबॉल शिकवला जातो, चवथीच्या आधी दोन महिने घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती आणि एरवी भजन शिकवले जाते, तर एप्रिल-मे महिन्यांत देवळाच्या तळीत मुलांना पोहायला शिकवतात. या चारही कामांना कार्यालय, फलक किंवा बँकेतील खाते नाही आणि आजवर कोणी त्यांचे आभारही मानलेले नाहीत.

कार्यक्रमासाठी ५ डिसेंबर हा दिवस धरला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली तो आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून ठरवला, त्यामुळे सर्वांना तो एकदम पटला. त्या दिवशी गुरुवार आहे हे कोणी दिनदर्शिकेत पाहिले नाही. वाचनालयाच्या निधीतून १५,००० रुपये मंजूर झाले आणि उरलेली रक्कम वर्गणीतून जमवायची आहे. नोंदी ठेवण्याचे काम चिटणीस या नात्याने माझ्याकडे आले. दुसऱ्या एखाद्या गावाने असेच काम हाती घेतले तर त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा, एवढ्यासाठी त्या सविस्तर लिहीत आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

शिफारशीसाठी ६० अर्ज छापून दुकाने, देऊळ आणि पंचायत अशा ठिकाणी ठेवले होते. छपाईला १८० रुपये लागले आणि दोन आठवडे गेले. परत आलेल्या २२ अर्जांपैकी ९ अर्ज एकाच माणसाच्या नावाचे होते आणि ते सर्व एकाच अक्षरात, एकाच निळ्या शाईने भरलेले होते. सहा अर्जांत आमच्याच समितीतील सदस्यांची नावे होती. अभ्यासवर्गातील एकाही बाईचे नाव एकाही अर्जात आढळले नाही.

चूक आमची होती. अर्ज भरतो तो अर्ज भरण्याची सवय असलेला माणूस, आणि त्याच्या डोळ्यांसमोर फलकावर नाव असलेली माणसेच येतात. ही पद्धत आज रद्द केली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आता मुलांनाच विचारायचे ठरवले. पहिला प्रयत्न शाळेत, वर्गशिक्षकांच्या उपस्थितीत केला. "तुम्हाला शाळेबाहेर कोण मदत करते?" या प्रश्नाला जवळपास सर्व मुलांनी उभे राहून समोर बसलेल्या सरांचेच नाव सांगितले. सरांनाही अवघडल्यासारखे झाले आणि आमची सकाळ वाया गेली.

दुपारी शाळा सुटल्यावर वडाखाली बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, वाट पाहत बसलेल्या मुलांना दोघा-तिघांच्या घोळक्यात गाठले. प्रश्न बदलून तीनच ठेवले. संध्याकाळी कुठे जातोस? तिथली किल्ली कोणाकडे असते? ते आले नाहीत तर कोण येते? पंचवीस मिनिटांत जे हाती आले ते दोन आठवड्यांत अर्जांनी दिले नव्हते.

किल्लीच्या प्रश्नाने कल्पनेपलीकडे काम केले. अग्रशाळेची किल्ली शिकवणाऱ्या बाईंकडे नसून देवळामागे राहणाऱ्या एका वयस्क बायेकडे असते. ती रोज साडेपाचला दार उघडते, जमीन झाडते, दिवे लावते आणि वर्ग संपेपर्यंत पायरीवर बसून राहते, हे मुलांनी सांगितले. फुटबॉलचे चेंडू आणि जाळी ज्या पिकअपमध्ये ठेवलेली असते ती पिकअप बालरथाच्या चालकाची स्वतःची आहे. स्पर्धांना जाताना मुलांना तोच घेऊन जातो आणि डिझेलचे पैसे मागत नाही. ही दोन्ही नावे समितीतील कोणालाही सुचली नसती, मलाही नाही.

तिसऱ्या प्रश्नातून बदली माणसांची नावे मिळाली. ती किती महत्त्वाची होती, हे पुढे नोव्हेंबरात कळले.

२० ऑक्टोबर, रविवार

पडताळणी. मुले सांगतात ते खरे असले तरी मानपत्रात घालायचे तर त्याला आधार हवा. अभ्यासवर्गात हजेरीची वही आहे आणि ती उत्तम ठेवलेली आहे. भजनाच्या गटाकडे फक्त मुलांची नावे आणि बोलांच्या वह्या आहेत. फुटबॉलवाल्यांकडे काहीच नाही, म्हणून स्पर्धांच्या पावत्या आणि मोबाईलमधील छायाचित्रांच्या तारखा पाहून वर्षे जुळवली. हे एकच काम तीन दिवसांत आटोपेल असे वाटले होते, त्याला तीन आठवडे लागणार असे दिसते, कारण गावातील सर्व तरुण हात सध्या दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या सांगाड्याला कागद चिकटवण्यात गुंतले आहेत. ऑक्टोबरात गोव्यातील गावात तरुणांकडून नरकासुराखेरीज दुसरे काम होईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

एक वादही मिटवावा लागला. पोहायला शिकवणाऱ्या पाच जणांपैकी एक आमच्या समितीत आहे. समितीतील कोणाचाही गौरव करायचा नाही असा नियम आम्ही केला होता, म्हणून त्याचे नाव वगळले. त्यावर उरलेल्या चौघांनी स्पष्ट सांगितले की गेली सहा वर्षे दोर घेऊन काठावर उभा राहणारा माणूस तोच आहे आणि त्याला वगळून लिहिलेले मानपत्र खोटे ठरेल. अखेर त्याचे नाव ठेवले. मात्र तो निवडीच्या बैठकांना बसणार नाही, असे इतिवृत्तात लिहून घेतले.

१० नोव्हेंबर, रविवार

आज सर्वांत मोठा अडथळा आला आणि तो आल्याबद्दल आता मी आभारी आहे.

आमची योजना प्रत्येक कामातून एक प्रमुख माणूस निवडून चौघांचा सत्कार करण्याची होती. अभ्यासवर्गासाठी निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंचे नाव ठरवून, त्यांना विचारण्यासाठी अध्यक्ष आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "लावा माझे नाव. मात्र सोमवारपासून वर्गही तुम्हीच चालवा."

आम्हाला अर्थ लागेना. तेव्हा त्यांनी भिंतीवरचा कागद दाखवला. सोमवार आणि गुरुवार त्या स्वतः घेतात, मंगळवार आणि शुक्रवार अंगणवाडीत काम करणारी एक बाय घेते, बुधवार आणि शनिवार महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी घेते, आणि तिघींपैकी कोणाला अडचण आली तर उरलेल्या दोघी आपसात पाहून घेतात. "त्या पोरीचे वडील आधीच विचारतात की यातून तुला काय मिळते. व्यासपीठावर मी एकटी शाल घेऊन बसले आणि ती खाली बसून टाळ्या वाजवत राहिली, तर दुसऱ्या दिवशी तिला घरून कोण सोडणार?"

परतताना अध्यक्ष बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच सांगितले की २००९ साली गावातल्या नाटक मंडळाचे असेच झाले होते. एकाच नटाचा सत्कार झाला आणि पुढच्या काल्याच्या उत्सवाला नाटक उभे राहिले नाही. हे सर्वांना ठाऊक होते, तरी योजना आखताना एकालाही आठवले नव्हते.

निर्णय : गौरव माणसाचा नव्हे, कामाचा करायचा. चार कामांची चार मानपत्रे, आणि प्रत्येकात किल्ली सांभाळणाऱ्यापासून बदली येणाऱ्यापर्यंत सर्वांची नावे, आडनावांच्या वर्णानुक्रमाने. अभ्यासवर्ग ४, फुटबॉल ५, घुमट आणि भजन ३, पोहणे ५, असे एकूण १७ जण होतात. वैयक्तिक भेट सर्वांना सारखीच. खर्च वाढणार हे स्पष्ट आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

तारीख बदलली. ५ डिसेंबरला गुरुवार असल्याने नोकरदार येणार नाहीत, हे एक कारण. दुसरे म्हणजे खुर्च्या आणि मांडव पुरवणाऱ्याने कळवले की २१ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सुरू होणाऱ्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनासाठी त्याचा बहुतेक माल ५ जानेवारीपर्यंत बाहेर राहणार आहे. दुसऱ्या एकाकडे दिलेले १,५०० रुपये आगाऊ त्याने परत केले नाहीत. पावतीवर तारीख बदलल्यास रक्कम परत मिळणार नाही असे छापलेले होते आणि ते आम्ही वाचले नव्हते.

नवी तारीख १२ जानेवारी २०२५. त्या दिवशी स्वामी विवेकानंदांची जयंती, म्हणजे राष्ट्रीय युवा दिन आहे आणि रविवारही आहे. मुलांसाठी चाललेल्या कामांच्या गौरवाला हाच दिवस अधिक जवळचा होता. तो आम्हाला पहिल्यांदा का सुचला नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

१ डिसेंबर, रविवार

मानपत्रांचा मजकूर. पहिला मसुदा मी लिहिला आणि तो समितीसमोर मोठ्याने वाचला. "निःस्वार्थ वृत्तीने अविरत परिश्रम करून समाजाला नवी दिशा देणाऱ्या" असे चारही मानपत्रांत होते. आमच्या ग्रंथपालबाईंनी विचारले, "यातले पोहण्याचे कोणते आणि भजनाचे कोणते?" मी कागद घडी घालून ठेवला.

मग एक साधी कसोटी ठरवली : एका मानपत्रातले वाक्य दुसऱ्यात तसेच्या तसे बसत असेल तर ते दोन्हींतून काढायचे. पडताळणीत तीन आठवडे गेले त्याचे चीज येथे झाले. अभ्यासवर्गाच्या मानपत्रात आता असे आहे : "पावसाळ्यात अग्रशाळेचे छप्पर गळू लागले की हा वर्ग देवळाच्या सभामंडपात सरकतो, पण बंद राहत नाही. यंदा जून ते सप्टेंबर या काळात रविवार सोडून केवळ तीन संध्याकाळी तो भरला नाही आणि त्यांपैकी दोन चवथीच्या होत्या." पोहण्याच्या मानपत्रात, एका वेळी आठच मुले पाण्यात उतरतात आणि काठावर दोर घेऊन एक माणूस सतत उभा असतो, हा त्यांचा नियम जसाच्या तसा घातला. घुमटाच्या गटाबद्दल लिहिताना, वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीच्या कातड्याला बंदी असल्यामुळे हे तिघे शेळीचे कातडे चढवून घुमट स्वतः तयार करतात आणि मुलांनाही ते मढवायला शिकवतात, हे लिहिले. २०१९ साली राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला, हे वाक्यही मी घातले होते. ते ग्रंथपालबाईंनी काढले, कारण तो या तिघांचा पराक्रम नव्हे. त्यांचे बरोबर होते.

१५ डिसेंबर, रविवार

डिचोलीतील एका छापखान्यातून मानपत्रांच्या प्रती आल्या आणि त्यांतल्या दोन टाकून द्याव्या लागल्या. मी मजकूर युनिकोडमध्ये टंकून पाठवला होता. तेथे तो जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये रूपांतरित करताना जोडाक्षरे फुटली. "विद्यार्थी" या शब्दातला रफार "या"वर जाऊन बसला आणि "श्रद्धा"मधला द पाय मोडून पडला. संगणकाच्या पडद्यावर मी तपासणी केली होती, ती माझ्या स्वतःच्या फाईलची, त्यांच्या फाईलची नव्हे.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी होती. एका स्वयंसेवकाचे आडनाव आम्ही "गावकर" छापले, ते घराण्यात "गांवकर" असे लिहितात. आमच्याकडे बहुतेकांची कागदपत्रे रोमी लिपीत असतात आणि त्यांवरून देवनागरी नाव अंदाजाने लिहिण्याची सवय सर्वांनाच आहे. आता प्रत्येकाच्या घरी वही पाठवून त्याच्याच हाताने नाव लिहून घेतले आहे. तिघांची नावे आमच्या यादीपेक्षा वेगळी निघाली. पुन्हा छपाईचे ४८० रुपये गेले. या खेपेस मजकूर पीडीएफ करून दिला, छापखान्यात बसून कागदावरचा नमुना वाचला आणि त्यावर सही केली.

२१ डिसेंबर, शनिवार

परवानग्या. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या खेपेस देवस्थान समितीचे ना हरकत पत्र नव्हते, दुसऱ्या खेपेस ते होते पण त्यावर जुनी तारीख होती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून कार्यक्रम साडेचारला सुरू करून साडेसातला संपवायचा आहे.

मुलांची छायाचित्रे घेण्यासाठी पालकांची लेखी संमती मागितली. एका पालकाने विचारले की एवढा कागदी घोळ कशाला. परंतु दोन घरांतून नकार आला आणि त्यांपैकी एका घराचे कारण ऐकल्यावर आमच्यापैकी कोणालाही हा घोळ जास्त वाटला नाही. त्या दोन मुलांना छायाचित्रकाराच्या मागच्या बाजूला बसवायचे ठरले आहे.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

भेट म्हणून शाल-श्रीफळ नको, यावर एकमत होते. आमच्या दमट हवेत शाल पेटीतून बाहेर येते ती बुरशी झटकण्यापुरती. सत्तरीतला पाऊस लक्षात घेऊन मोठी, लाकडी मुठीची छत्री द्यायचे ठरले. जानेवारीत छत्री विकत घ्यायला निघालेला माणूस हास्यास्पद दिसतो, हे आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात समजले. दुकानदाराने माळ्यावरून गेल्या मोसमाचा माल काढला आणि एकेक ४२० रुपयांना दिला. मी प्रत्येक छत्री तेथेच उघडून पाहिली. चार छत्र्यांच्या काड्या गंजलेल्या निघाल्या, त्या बदलून घेतल्या. सतरा छत्र्यांचा भारा घेऊन डिचोलीमार्गे दोन बसगाड्या बदलत येताना वाहकाने मला फेरीवाला समजून सामानाचे तिकीट लावले.

१२ जानेवारी, रविवार

कार्यक्रम पार पडला. साडेचारचा सव्वापाचला सुरू झाला आणि हा उशीर सर्वस्वी आमचा आहे. प्रमुख पाहुणे नकोत असे आधी ठरले होते. शेवटच्या आठवड्यात एका मान्यवरांनी स्वतःहून येण्याची इच्छा कळवली आणि आम्हाला नाही म्हणवले नाही. पंचेचाळीस मिनिटे वाट पाहिली. ते आले नाहीत. कधी ना कधी सुरुवात त्यांच्याविना करावीच लागणार होती, तर ती वेळेवर का केली नाही, असे ग्रंथपालबाईंनी सर्वांसमोर विचारले.

मानपत्रे त्या-त्या वर्गातील मुलांनी वाचली. भाषणे दोनच, प्रत्येकी पाच मिनिटांची. व्यासपीठावर १७ खुर्च्या मावत नव्हत्या, म्हणून व्यासपीठच रद्द करून सर्व जण सभामंडपात अर्धवर्तुळ करून बसले, आणि ते दिसायलाही चांगले दिसले. किल्लीवाली बाय मात्र खुर्चीत ठरेना. तिच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा ती दाराशी मुलांच्या चपला ओळीने लावत होती. मानपत्र वाचणाऱ्या मुलीने थांबून तिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, छत्री घेतली, उघडून पाहिली, मिटली आणि पुन्हा दाराशी गेली.

पातळभाजी-पाव आणि चहा १८० जणांसाठी सांगितला होता, माणसे २२० च्या आसपास आली. पाव कमी पडला. पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सायकलवरून आणखी दोन फेऱ्या केल्या, म्हणून निभावले.

१९ जानेवारी, रविवार

हिशोब. जमा : वाचनालयाचा निधी १५,००० आणि वर्गणी १८,४५०, एकूण ३३,४५० रुपये. खर्चात सर्वांत मोठा आकडा छत्र्यांचा, ७,१४० रुपये. खुर्च्या आणि मांडव ६,८००, खाणे आणि चहा ६,१५०, ध्वनिक्षेपक ३,५००, चौकटींसह मानपत्रे २,६००, प्रवास आणि किरकोळ १,३४०. यांखेरीज निरुपयोगी अर्ज १८०, बुडालेले आगाऊ १,५०० आणि पुन्हा छपाई ४८०, म्हणजे केवळ चुकांपायी २,१६० रुपये गेले. एकूण खर्च २९,६९० रुपये, शिल्लक ३,७६०. शिलकीतून अग्रशाळेसाठी दोन दिवे आणि फुटबॉलसाठी एक चेंडू घ्यायचे ठरले.

अभ्यासवर्गाच्या भिंतीवरील कागदात शनिवारच्या रकान्यात एक नवे नाव आले आहे. बुधवार आणि शनिवार घेणाऱ्या मुलीच्या वडिलांनी ते स्वतः येऊन लिहिले. ते गणित शिकवणार आहेत.

२६ जानेवारी, रविवार

आमच्याकडून एक नाव राहिले. फुटबॉल ज्या शेतात खेळला जातो त्या शेताच्या मालकाचे. पावसाळी भात कापल्यावर शेजारचे सर्व जण वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरचे दुसरे, पीक घेतात. हे गृहस्थ आपला तुकडा दरवर्षी मुलांसाठी पडीक ठेवतात, म्हणजे एका हंगामाचे उत्पन्न सोडतात. मुलांनी त्यांचे नाव सांगितले नाही, कारण आम्ही किल्ली कोणाकडे असते असे विचारले होते आणि शेताला कुलूप नसते. पुढे कोणी हे प्रश्न वापरणार असेल तर त्यांत चौथा घालावा : ही जागा कोणाची?

आज फुटबॉलच्या मानपत्राची चौकट उघडून त्यांचे नाव काळ्या शाईने, वर्णानुक्रमात जेथे बसते तेथे, दोन ओळींच्या मध्ये लिहिले. दिसते ते ओबडधोबडच. शिलकीतील ४२० रुपयांची अठरावी छत्री घेऊन बालरथाचा चालक आणि मी त्यांच्याकडे गेलो, झालेली चूक सांगितली आणि क्षमा मागितली. त्यांनी छत्री ठेवून घेतली. मानपत्राकडे पाहिले, वाचले नाही. म्हणाले, "मुलांना एवढे सांगा, चेंडू आणायला जाताना बांधावरून धावू नका. बांध मोडतो, मग पावसात पाणी राहत नाही."

चालकाने पिकअपमधील फावडे काढले. मोडलेला बांध दोन ठिकाणी होता, तो आम्ही अंधार पडेपर्यंत बांधला.